चेन्नईचे पिकअप आणि फोर बाय फोरचे गैरसमज

चेन्नईत मोठ्या पावसाचा इशारा आला की वेळाचेरीचा उड्डाणपूल गाड्यांनी भरून जातो. ऑक्टोबर २०२४ मध्ये पाऊस पडायच्या आधीच लोकांनी आपल्या गाड्या पुलावर नेऊन लावल्या. डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग चक्रीवादळाने शहर कसं पाण्यात बुडवलं होतं ते कोणी विसरलेलं नव्हतं. पण याच शहरात असेही गाडीमालक आहेत की त्यांना तुंबलेला रस्ता म्हणजे आमंत्रण वाटतं. दारात व्ही-क्रॉस किंवा हायलक्स, बॉनेटच्या कडेने छतापर्यंत गेलेलं स्नॉर्कल, हातभर उंचावलेली बॉडी आणि तोंडी एकच वाक्य: ‘आपली फोर बाय फोर आहे, आपल्याला काय होतंय?’

चेन्नईला या गाड्यांचं वेड असण्याला कारण आहे. इसुझूच्या भारतातल्या कंपनीचं मुख्यालय चेन्नईत, आणि कारखाना शहराच्या उत्तरेला, आंध्रची हद्द ओलांडली की लागणाऱ्या श्री सिटीत. २०१६ साली तिथूनच व्ही-क्रॉस बाजारात आला. टोयोटाचा हायलक्स २०२२ मध्ये आला. दोन्ही मुळात मालवाहू घराण्यातले: चासीवर बसवलेली केबिन, मागे पाटे, उघडा हौदा आणि ताकद चारही चाकांना वाटणारा ट्रान्सफर केस, त्यात नेहमीच्या वेगाचं फोर-हाय आणि रांगण्याचं फोर-लो. सामान लादून खडकाळ वाटेने जायचं तर बांधणी उत्तम. गडबड होते ती तिच्यावर काय काय चढवायचं हे ठरवताना.

पहिला गैरसमज स्नॉर्कलचा. स्नॉर्कल लावलं की गाडी पाण्यात चालते, असं मानलं जातं. स्नॉर्कल एकच काम करतं: इंजिनाला लागणारी हवा वरून घेतं. तेही एअर फिल्टरच्या डब्यापर्यंतचा प्रत्येक सांधा घट्ट असेल तर. दिखाऊ स्नॉर्कल बाजारात पुष्कळ आहेत; बाहेरून ऐटदार, आत नळी कुठेच नीट जोडलेली नाही. इंजिनात पाणी शिरलं तर ते दाबलं जात नाही, पिस्टन वर येताना अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा चालू करायचा मोह जिवावर बेततो, म्हणजे इंजिनाच्या. साध्या विम्यात हे नुकसान सहसा धरत नाहीत, त्यासाठी इंजिनाचं वेगळं कवच घ्यावं लागतं. पॉलिसी काढून वाचा.

पण समजा स्नॉर्कल अस्सल आहे. तरी गाडीच्या पोटाखाली आणखी काही ठिकाणी श्वास चालू असतो. पुढचा-मागचा डिफरन्शियल, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस या प्रत्येकाला ब्रीदर नावाची एक बारकी नळी किंवा टोपी असते. तासभर पळून डिफरन्शियल तापलेलं असतं. ते थंड पाण्यात बुडालं की आतली हवा आक्रसते आणि बाहेरून काहीतरी ओढून घेते. ब्रीदर पाण्याखाली असेल तर त्यातून पाणी येतं. चिखलाने बुजला असेल तर ऑइल सीलमधून येतं. दुसऱ्या दिवशी गाडी सुरळीत चालते, म्हणून कोणाला संशय येत नाही. दोन महिन्यांनी मागून घरघर सुरू होते, मेकॅनिक डिफरन्शियलचा नट उघडतो आणि ऑइलच्या जागी दुधाळ चहासारखं काहीतरी बाहेर पडतं. तोवर बेअरिंग गेलेलं असतं. या ब्रीदरच्या नळ्या वाढवून इंजिनाच्या खोलीत उंचावर नेऊन बांधायच्या, एवढाच यावरचा उपाय. स्नॉर्कलच्या मानाने खर्च नगण्य. पण तो बदल रस्त्यावरून कोणाला दिसत नाही, त्यामुळे तो करवून घेणारेही कमीच.

वाहत्या पाण्याचा हिशेब तर वेगळाच आहे. कंपनी हायलक्ससाठी ७०० मिलिमीटर खोलीचा आकडा देते. तो संथ पाण्याचा, तळ ठाऊक असलेल्या पाण्याचा. जोराने वाहणारं दोन फूट पाणी पिकअपलाही उचलून नेऊ शकतं, कारण तेवढ्या पाण्यात गाडी तरंगायला लागते आणि टायरची पकड सुटते. अड्यार नदीच्या काठी काय किंवा कोकणातल्या कॉजवेवर काय, नियम एकच.

‘लिफ्ट किट टाका, गाडी कशालाच अडकणार नाही’ हा सल्ला गॅरेजमध्ये हमखास मिळतो. यात अर्धं खरं आहे. लिफ्टने चासी आणि बंपर उंच होतात, चढाच्या तोंडाशी नाक घासत नाही. पण या पिकअपना मागे अखंड अॅक्सल असतो आणि त्याच्या मधोमध डिफरन्शियलचा गोळा लटकतो. तो चाकांना जोडलेला आहे. स्प्रिंग कितीही उंच केली तरी तो जमिनीपासून होता तेवढ्याच उंचीवर राहतो. दगडावर पहिला तोच आपटतो. त्याला वर उचलणारी गोष्ट एकच, मोठं टायर. शिवाय लिफ्ट जास्त झाली की पुढच्या अॅक्सलचे सांधे तिरक्या कोनात फिरतात, त्यांचे रबरी बूट फाटतात, आणि गाडीचा तोल वर सरकतो तो वेगळाच. ईस्ट कोस्ट रोडवर ताशी शंभरने जाताना तो जाणवतो.

बरं, मोठं टायर तरी किती मोठं? गणित करून पाहू. २४५/७० आर १६ टायरचा व्यास साधारण ७४९ मिलिमीटर. त्या जागी २६५/७५ आर १६ घातलं तर ८०४. म्हणजे डिफरन्शियल वर आलं जेमतेम २७ मिलिमीटर, आणि त्याच्या बदल्यात स्पीडोमीटर १०० दाखवतो तेव्हा गाडी १०७ ने पळत असते. गिअरिंग सात टक्क्यांनी लांबतं, म्हणजे फोर-लोमधली रांगण्याची ताकद त्या प्रमाणात घटते. ब्रेकला जास्त जड चाक थांबवावं लागतं. २७ मिलिमीटर कधीकधी खरंच उपयोगाचे असतात, नाही असं नाही. पण कोळुक्कुमलैच्या चहामळ्यावर पर्यटकांना नेणाऱ्या महिंद्राच्या जीप एकदा जाऊन बघाव्यात. दगडगोट्यांची ती वाट त्या रोज चढतात, आणि फरक टायरच्या रुंदीचा नसून चालवणाऱ्याच्या पायाचा आहे हे पाच मिनिटांत कळतं.

टायरबाबत खरा फायदा फुकटात मिळतो: हवा कमी करणं. रस्त्यावर ३५ पाउंड असेल तर वाळूत १८-२० वर आणावी. टायर लांबट पसरतं, वजन जास्त जागेवर वाटलं जातं, चाक रुतत नाही. मात्र हवा भरायचा छोटा कॉम्प्रेसर सोबत हवाच. तशाच टायरवर महामार्गावर पळालात तर टायर तापून फुटेल.

फोर-हाय टाकलं की ओल्या डांबरावरही गाडी सुरक्षित, असंही बऱ्याच जणांना वाटतं. चार चाकांची ताकद पुढे ढकलते. थांबवताना मात्र ब्रेक आणि टायर लागतात, ते प्रत्येक गाडीला चार चाकांवरच आहेत. या पिकअपमध्ये पुढच्या आणि मागच्या अॅक्सलच्या मध्ये डिफरन्शियल नसतं. कोरड्या डांबरावर फोर-हायमध्ये वळलात तर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, फरक कुठेच जिरत नाही आणि सगळा पीळ ट्रान्सफर केसवर येतो. स्टिअरिंग जड होऊन गाडी धक्के देते, ती तक्रार समजावी.

याच्या उलट, ‘फोर बाय फोर मी वापरतच नाही, त्यामुळे झिजायचा प्रश्न नाही’ असं म्हणणारेही आहेत. शहरात राहून तीन-तीन वर्षं फोर बाय फोरचा खटका न फिरवलेले पिकअप आहेत. आतले भाग कोरडे पडतात, जोडणारी यंत्रणा जाम होते, आणि नेमका घाटातल्या चिखलात फोर बाय फोरचा दिवा नुसता लुकलुकत राहतो. महिन्यातून एकदा मातीच्या किंवा खडीच्या रस्त्यावर दोन-चार किलोमीटर फोर-हायमध्ये चालवा, थोडं फोर-लोमध्येही. पाण्यातून आलात तर किलोमीटर न मोजता डिफरन्शियलचं ऑइल उघडून बघा. किनाऱ्यावरून आलात तर खालून गोड्या पाण्याने धुवा. पाट्यांच्या मधल्या फटी आणि ब्रेकच्या नळ्या सगळ्यात आधी गंजतात. सुटे भाग स्वस्तात म्हणून पुदुपेटच्या जुन्या बाजारात जाणारे खूप. दरवाजा, दिवा तिथून जरूर घ्या. स्टिअरिंगचे सांधे आणि ब्रेकचे भाग नवेच घ्या.

कायद्याबद्दलचा गैरसमज सर्वात महागात पडतो. ‘गाडी माझी, बदल माझा’ हे भारतात चालत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, केरळातून आलेल्या प्रकरणात, निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही असं सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. पुढचे लोखंडी गार्ड, म्हणजे बुल बार, यांच्यावर कारवाई करा असं केंद्राने राज्यांना डिसेंबर २०१७ मध्येच कळवलं होतं. कारण साधं आहे. धडकेत चुरगळून आघात पचवणारा भागच ते ताठ करून टाकतात, एअरबॅगची वेळ चुकवू शकतात आणि पायी चालणाऱ्याला जास्त इजा करतात.

दोरीबद्दल एक गोष्ट ठळक सांगायला हवी. मागच्या टो बॉलला दोरी अडकवून रुतलेली गाडी ओढू नका. तो ट्रेलर ओढण्यासाठी आहे, झटक्यासाठी नाही. तुटला तर तोफगोळ्याच्या वेगाने उडतो आणि असे मृत्यू झालेले आहेत. चासीला पक्के बोल्ट केलेले रिकव्हरी पॉइंट बसवून घ्या, आणि ओढताना बघ्यांना दोरीच्या लांबीहून दूर उभं करा.

राहिला समुद्रकिनारा. वाळू म्हणजे मोकळं मैदान नव्हे. जानेवारीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चेन्नईच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. बेसंट नगर ते नीलांकरैच्या पट्ट्यात विद्यार्थ्यांचं एक जाळं १९८८ पासून रात्री चालत जाऊन ती घरटी सांभाळतं. वरून काहीच दिसत नाही, आणि चाकाखाली वाळू दबली की पिलं बाहेर पडू शकत नाहीत. आपल्या वेळासलाही हीच कासवं येतात. वाळूच्या टेकड्या आणि कासवांची घरटी असलेले किनारे किनारा नियमन क्षेत्रात सर्वाधिक संरक्षित वर्गात मोडतात.

पैसे मर्यादित असतील तर खर्चाचा क्रम माझ्या मते असा: चांगली टायर, पक्के रिकव्हरी पॉइंट, ब्रीदरच्या नळ्या, हवेचा कॉम्प्रेसर, आणि एखाद्या जाणत्या माणसाकडून दोन दिवसांचं शिक्षण. लिफ्ट, स्नॉर्कल, छतावरचा तंबू हे त्यानंतर, आणि तेही आरटीओत विचारून. बुल बार आधीच लावलेला असेल तर या रविवारी काढून टाका.