वाटेवरचे धुणे

आषाढी वारीत आळंदी ते पंढरपूर सुमारे २५० किलोमीटर पायी चालायचे, म्हणजे धुणेही वाटेतच आले. नदी दिसली की हात साबणाकडे जातो. पण साबण माशांच्या कल्ल्यांना बाधतो, आणि खालच्या गावालाही तेच पाणी लागते. म्हणून बादलीत पाणी घ्यावे, काठापासून साठेक मीटर दूर धुवावे, फेसाचे पाणी मातीवर पसरून ओतावे. मातीतले सूक्ष्मजीव बराचसा साबण पचवतात. धुतलेला कपडा कोरड्या पंच्यात गुंडाळून पिळला की लवकर वाळतो. ओलसर कपड्यात नायटा फोफावतो. वाहत्या नदीकाठीही वजूला पाणी जपून वापरावे, अशी आम्हांला शिकवण आहे. मला वाटते, धुण्यालाही ती लागू आहे.