पिल्लाचा विमा काढावा का?

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

गाईचा विमा आपल्या जिल्ह्याला नवा नाही. संगमनेर, राहुरी, राहाता, कोपरगाव या पट्ट्यात संकरित गाई आल्या, दूध संघ उभे राहिले आणि गाईसाठी कर्ज काढायचे तर विम्याचा कागद हवाच, हे अंगवळणी पडले. कानातला बिल्ला, डॉक्टरांचा दाखला, जनावर दगावले तर शवविच्छेदन आणि पंचनामा, हे सगळे घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही पाठ असते. पण कुत्र्याच्या पिल्लाचा विमा म्हटले की लोक आधी हसतात. हसण्यासारखे त्यात काही नाही. सावेडीतल्या फ्लॅटमध्ये लॅब्रॅडॉर आणणारे कुटुंब असो की अकोल्यातल्या वस्तीवर राखणीला पिल्लू आणणारा शेतकरी, मोठे आजारपण आले की खर्चाचा प्रश्न दोघांनाही पडतो.

मात्र गाईच्या विम्याचा हिशेब जसाच्या तसा इथे लावून चालत नाही. गाय हे कमाईचे जनावर. ती गेली तर तिची बाजारातली किंमत भरून मिळावी, एवढाच तिच्या विम्याचा हेतू. शिवाय त्या हप्त्यात सरकारचा वाटा असतो. राष्ट्रीय पशुधन अभियानात फेब्रुवारी २०२४ मध्ये जे बदल मंजूर झाले, त्यांत शेतकऱ्याचा हिस्सा हप्त्याच्या १५ टक्क्यांवर आणला गेला. उरलेला भार केंद्र आणि राज्य उचलतात. कुत्र्याला असले काही नाही, पूर्ण हप्ता मालकाच्या खिशातून जातो. आणि कुत्रे गेल्यावर त्याची किंमत हातात पडावी म्हणून कुणी विमा काढत नाही. ते जगावे म्हणून होणारा खर्च पेलावा, ही खरी गरज.

इथेच पहिली फसगत होते. सरकारी विमा कंपन्यांकडे कुत्र्यांच्या विम्याची जी जुनी पद्धत होती, ती गाईच्या विम्याच्याच साच्यातली. अपघाताने किंवा आजाराने मृत्यू आला तर ठरलेली रक्कम मिळायची. दवाखान्याचा खर्च देणारे विमे आपल्याकडे अलीकडचे. पुण्याच्या बजाज अलियान्झने तसा विमा २०२० मध्ये आणला, मग इतरही आले. म्हणून एजंटाला पहिला प्रश्न हाच विचारावा : पैसे कशाचे मिळणार, मरणाचे की उपचाराचे? घरच्या कुत्रीने दिलेल्या किंवा रस्त्यावरून उचलून आणलेल्या गावठी पिल्लाला बाजारभावच नसतो. मृत्यूचा विमा त्याच्या काय कामाचा? पाय मोडला तर प्लेट बसवण्याचा खर्च मात्र गावठीला आणि जर्मन शेफर्डला सारखाच येतो.

दुसरी गोष्ट वयाची, आणि ती जरा नीट ऐका. आपल्याकडे पिल्लू साधारण दीड महिन्याचे झाले की घरी येते. पार्व्हो हा पिल्लांचा काळ समजला जाणारा आजार नेमका तेव्हापासून सहा महिन्यांपर्यंत जास्त गाठतो. रक्ताची हगवण, उलट्या, दोन-तीन दिवसांत पिल्लू हातचे जाते. पण दवाखान्याचा खर्च देणारे बरेच विमे तीन महिन्यांच्या आतल्या पिल्लाला घेतच नाहीत. घेतल्यावरही सुरुवातीचे काही दिवस आजाराचा दावा चालत नाही. त्यात पार्व्हो, डिस्टेंपर, रेबीज यांसारखे लसीने टळणारे आजार लस चुकली असेल तर सरळ वगळलेले असतात. म्हणजे जीवाला सर्वांत जास्त धोका असतो तेव्हा विमा जवळ नसतो. तिथे लसच कामाला येते. सहा ते आठ आठवड्यांना पहिला डोस, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांपर्यंत पुढचे, तीन महिन्यांचे झाले की रेबीजची लस. हातात पैसे थोडेच असतील तर ते आधी इथे घालावेत. लसीकरणाचे कार्ड जपून ठेवा. पुढे विमा काढायचा झाला तर ते मागतातच.

आता आपल्या जिल्ह्याचा खास धोका. वस्तीवरचे लोक बिबट्याला सरसकट वाघ म्हणतात. तो उसात राहतो आणि अंगणातले कुत्रे उचलतो. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले परिसरात बिबट्यांची विष्ठा गोळा करून त्यांच्या आहाराचा अभ्यास केला. वजनाच्या हिशेबाने बिबट्याच्या खाण्यात ८७ टक्के पाळीव प्राणी निघाले, आणि एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के. शेळ्यांपेक्षा कुत्री कितीतरी जास्त. वन्यप्राण्याने गाय, म्हैस, शेळी, मेंढी मारली तर वनखाते भरपाई देते, कुत्र्याची देत नाही. तेव्हा मळ्यात राहणाऱ्याने विम्याच्या कागदात वन्यप्राण्याचा हल्ला धरला आहे की वगळला आहे, हे शोधून वाचावे. आणि विमा असो वा नसो, रात्री पिल्लू साखळीने उघड्यावर बांधू नये. बांधलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही. पक्क्या जाळीच्या खुराड्याचा खर्च एकदाच होतो.

हिशेब कसा करायचा? समजा, वर्षाचा हप्ता ३,६०० रुपये सांगितला. तेच पैसे महिन्याला ३०० रुपयांप्रमाणे पोस्टाच्या आवर्त ठेवीत टाकले, तर पाच वर्षांत १८,००० आणि वर व्याज. कुत्रे धडधाकट राहिले तर ही रक्कम तुमचीच. पण आठव्या महिन्यात ते मोटारसायकलखाली आले आणि शस्त्रक्रियेसाठी पुणे गाठावे लागले, तर ठेवीत जेमतेम दोन-अडीच हजार असतील. म्हणून एकदम पंधरा-वीस हजारांचा खर्च आला तर तो घराला झेपेल का, हे स्वतःला विचारावे. झेपत असेल तर ठेव बरी. झेपत नसेल आणि पैशांअभावी उपचार सोडून देणेही जमणार नसेल, तर विम्याला अर्थ आहे. माझे मत विचाराल तर शहरातल्या महागड्या जातीच्या पिल्लासाठी उपचाराचा विमा घ्यावा, आणि लहान वयातच घ्यावा. वय वाढले की कंपन्या नव्याने घेत नाहीत, आणि आधीपासून असलेला आजार कुणीच घेत नाही. गावठी पिल्लासाठी मी लस, खुराडे आणि ठेव यांवरच थांबेन. तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात किरकोळ उपचार अल्प शुल्कात होतात. तिथला भर जनावरांवर असला तरी कुत्र्याला कुणी परत पाठवत नाही.

एक कलम लोक वाचतच नाहीत, ते म्हणजे तिऱ्हाइताला झालेल्या इजेचे. तुमचे कुत्रे पोस्टमनला किंवा शेजारच्या पोराला चावले, तर दवाखान्याचा आणि नुकसानीचा भार तुमच्यावर येऊ शकतो. काही विम्यांत ही जबाबदारी धरलेली असते. मात्र निष्काळजीपणाबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली शिक्षा झाली, तर ती विमा कंपनी भोगणार नाही.

दावा बहुधा कागदावर अडतो. बहुतेक ठिकाणी आधी आपण पैसे भरायचे आणि मग बिले पाठवायची. नगरच्या एखाद्या ओळखीच्या डॉक्टरने चिठ्ठीवर आकडा लिहून दिला तर ते चालत नाही. छापील बिल, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक, तपासण्यांचे अहवाल, कुत्र्याची ओळख पटवणारा फोटो किंवा मायक्रोचिपचा क्रमांक, हे सगळे लागते. मंजूर रकमेतला काही हिस्सा मालकाने सोसायचा अशीही अट असते. ती किती टक्क्यांची, हे सही करण्यापूर्वी विचारा. दावा नाकारला तर कारण लेखी मागा आणि आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे जा. तिथे दाद लागली नाही तर विमा लोकपालाचे कार्यालय पुण्यात आहे. त्यांच्याकडे तक्रार करायला फी लागत नाही आणि वकीलही करावा लागत नाही.