एकच आवृत्ती, दोन बिल्ड

ऑक्टोबर २०२४ मध्ये पायथॉन ३.१३ आले, तेव्हा त्याच्या इंटरप्रिटरची (प्रोग्राम वाचून तो संगणकाकडून करून घेणारी यंत्रणा) दोन बिल्ड (एकाच मूळ कोडपासून वेगवेगळे पर्याय निवडून केलेल्या प्रती) मिळू लागली. नेहमीच्या बिल्डमध्ये ‘गिल’ (प्रोग्राममधल्या कामाच्या समांतर धाग्यांपैकी, म्हणजे थ्रेडपैकी, एका वेळी एकालाच काम करू देणारे कुलूप) असते. ‘३.१३टी’ या प्रायोगिक बिल्डमध्ये ते एरवी बंद असते.

‘टी’ म्हणजे पुढची, हमखास वेगवान आवृत्ती, असा अनेकांचा समज होतो. प्रत्यक्षात आवृत्ती तीच आहे. दोन्ही बिल्ड एकाच संगणकावर सुखाने नांदतात आणि एकाच थ्रेडचा प्रोग्राम ‘टी’वर उलट हळू चालतो.

मग दोन्हींचा वेग पारखायचा कसा? महाडजवळच्या तुडीलसारख्या गावात भाताचे नवे बियाणे पारखायचे, तर ते जुन्याच्या शेजारच्या खाचरात लावावे. पाऊस, खत, लावणीचा दिवस तोच ठेवला, तर दिसणारा फरक बियाण्याचा.

इथेही तसेच. संगणक, प्रोग्राम आणि माहिती तीच ठेवून दोन्ही बिल्ड पुन्हापुन्हा चालवावीत. मात्र इशाऱ्यांकडे लक्ष हवे. सी भाषेतले जुने मॉड्यूल (प्रोग्रामला जोडायचा तयार भाग) जोडले, तर ‘टी’ इशारा देऊन कुलूप पुन्हा लावते. तो नजरेतून सुटला, तर दोन्ही खाचरांत एकच बियाणे पेरल्यासारखे होते.