कराचा आकडा हाताने बदलताना

लोणावळ्याच्या बाजारातल्या काही दुकानांचं टॅली मी सांभाळते. राहते वडगाव मावळला, येते लोकलने. मालकांचा ठरलेला प्रश्न असतो, "ताई, कराचा आकडा हाताने बदलता येतो ना?" येतो. टॅली अडवत नाही, आणि घोळ तिथेच होतो.

पैशांच्या फरकासाठी बदलायला माझी हरकत नसते. चिक्कीच्या खोक्यांचं खरेदीचं बिल घ्या. तीन प्रकारची खोकी, प्रत्येक ओळ ३३३ रुपये ३३ पैशांची. व्यापारी दर ओळीवर अडीच टक्के सीजीएसटी काढतो, ८.३३ प्रमाणे २४.९९ होतात. आमचं टॅली एकूण रकमेवर काढतं, तिथे येतात २५. अशा वेळी मी टॅलीतला आकडा खोडून २४.९९ घालते, एसजीएसटीचंही तसंच. कारण आमच्या जीएसटीआर-२बीमध्ये, म्हणजे खरेदीवरच्या कराच्या पत्रकात, व्यापाऱ्याने भरलेला आकडाच दिसणार. विक्रीच्या बिलात सुटे पैसे उरले तर त्यांच्यासाठी राउंड ऑफचं वेगळं खातं आहे. ते कराच्या खात्यात ढकलायचे नाहीत.

दर बदलला की मात्र हाताने आकडा मारणं बंद. २२ सप्टेंबर २०२५ला, ऐन घटस्थापनेला, चॉकलेटवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. चिक्कीवर तो नोव्हेंबर २०१७पासूनच ५ टक्के आहे, त्यामुळे तिला धक्का लागला नाही. पण चॉकलेट फजमध्ये कोको, म्हणजे ती चॉकलेटच्या रांगेत. एका दुकानात काउंटरवरच्या मुलाने आयटमचा दर १८च ठेवला आणि पाचशेच्या फजवर ९० खोडून २५ लिहायला सुरुवात केली. गर्दीत काही बिलांवर खोडायचं राहून गेलं. जिथे खोडलं, तिथे दर १८ आणि कर ५ टक्क्यांचा. जीएसटीआर-१ काढताना ती सगळी बिलं टॅलीच्या 'अनसर्टन' यादीत, म्हणजे दुरुस्ती हवी असलेल्यांत, जाऊन बसली. खरं काम पाच मिनिटांचं होतं : आयटमच्या मास्टरमध्ये २२ सप्टेंबर ही तारीख घालून नवा दर लिहायचा. जुन्या बिलांना जुना दर राहतो, नव्यांना नवा लागतो.

मावळात याहून अवघड प्रकरण तांदळाचं. इंद्रायणी तांदूळ लेबल लावलेल्या दहा किलोच्या पिशवीत असेल तर ५ टक्के, तोच सुटा विकला तर शून्य. हा नियम १८ जुलै २०२२पासूनचा. एकच आयटम ठेवून दर वेळी कर खोडणारे गिरणीवाले मी पाहिलेत. त्यांना मी दोन आयटम करायला लावते, 'सुटा' आणि 'पॅक'. मग कुणाच्या लक्षात राहण्यावर काही अवलंबून राहत नाही.

आणि फजच्या ज्या बिलांवर ९० छापून गेले, त्यांचं काय? ते मागाहून टॅलीत २५ करता येत नाहीत. कर म्हणून घेतलेला पैसा सरकारात भरावाच लागतो. पर्यटक तर बिल घेऊन केव्हाच घाट उतरलेला असतो. नेहमीचं गिऱ्हाईक असेल तर जादा रक्कम परत करून क्रेडिट नोट काढा. २०२५-२६च्या बिलांसाठी ती विवरणपत्रात दाखवायची शेवटची तारीख ३० नोव्हेंबर २०२६ आहे, आणि वार्षिक विवरणपत्र त्याआधी भरलं तर तेवढीही मुदत मिळत नाही.