रायफल अडते तेव्हा आधी पेटी बघा

मतदान केंद्राबाहेर, बँकेच्या दारात, कोषागाराच्या पहाऱ्यावर महाराष्ट्राने वर्षानुवर्षे जी रायफल पाहिली ती ‘थ्री-नॉट-थ्री’. तिचा लाकडी दस्ता सगळ्यांना आठवतो. चापाच्या पुढे खाली डोकावणारी लोखंडी पेटी मात्र फारशी कुणाच्या नजरेत भरलेली नसते. ही पेटी म्हणजे मॅगझिन. स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या आणि लहानपणीच कॅनडात गेलेल्या जेम्स पॅरिस ली यांनी काडतूस नळीत ढकलणाऱ्या बोल्टच्या खाली बसणाऱ्या, काढता-घालता येणाऱ्या पेटीचे पेटंट १८७९ मध्ये घेतले. त्यांच्याच नावावरून १८८८ ची ली-मेटफर्ड आणि १८९५ ची ली-एनफील्ड या रायफली ओळखल्या गेल्या.

गंमत अशी, की ही पेटी सैनिकाने वरचेवर काढावी अशी ब्रिटिश सैन्याची इच्छाच नव्हती. सुरुवातीच्या रायफलींवर तर ती साखळीने अडकवलेली असे. पुढे बोल्ट मागे ओढून पाच-पाच काडतुसांची पट्टी वरून दाबून पेटी भरायची पद्धत रूढ झाली. एकेक पेटी त्या त्या रायफलीत नीट बसवून घेतलेली असल्यामुळे दुसऱ्या रायफलीची पेटी तितकीच बिनतक्रार चालेल याचा भरवसा नसे.

त्या काडतुसाची एक खोडही होती. पॉइंट थ्री-नॉट-थ्रीच्या बुडाला बाहेर आलेली कड असते. वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे अडकली, की बोल्ट कितीही ढकलला तरी गोळी पुढे सरकत नाही. म्हणून भरताना प्रत्येक वरची कड खालच्या कडेच्या पुढे राहील अशी काळजी घ्यावी लागे. १९६२ च्या चीन युद्धानंतर बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्याने हीच रायफल ७.६२ मिलिमीटरच्या, बाहेर कड नसलेल्या काडतुसासाठी घडवली. काडतूस बदलले म्हणून पेटीही बदलावी लागली आणि ती पूर्वीपेक्षा चौकोनी झाली. बोल्ट-ॲक्शन रायफलीत गोळी अडकण्याचे कोडे सोडवायचे तर नजर प्रथम पेटीकडे वळवावी लागते, हे तेव्हाच्या शस्त्रकारांना पक्के ठाऊक होते. आजचे हौशी नेमबाज मात्र अनेकदा बोल्ट आणि नळीला दोष देत बसतात.

आज लाकडी दस्त्याच्या जागी ॲल्युमिनियमची चॅसिस आली आहे. रायफलीची ॲक्शन, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो तो भाग, नळीसह त्यात स्क्रूने आवळायची आणि खालून पेटी खटक्यात अडकवायची, अशी तिची रचना. या रचनेचा प्रसार झाला त्यात पोर्ट्समथच्या ‘ॲक्युरसी इंटरनॅशनल’ या १९७८ मध्ये सुरू झालेल्या छोट्या ब्रिटिश कंपनीचा वाटा मोठा आहे. संस्थापकांपैकी माल्कम कूपर यांनी १९८४ आणि १९८८ अशा दोन ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये सुवर्णपदक जिंकले. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिसला कांस्यपदक मिळवले ते याच प्रकारात. या प्रकारात प्रत्येक वेळी एकच काडतूस हाताने भरतात, पेटीचा संबंधच येत नाही. आणि अशा खेळातल्या विजेत्याच्या कंपनीची पेटी पुढे जगभरच्या नेमबाजांचा मापदंड व्हावी!

रेमिंग्टन ७०० ही १९६२ पासूनची अमेरिकन रायफल. तिच्यासाठी ॲक्युरसी इंटरनॅशनलने जी चॅसिस काढली, तिचे नाव एआयसीएस. तिची पेटी इतकी रुळली, की मॅगपुल, एमडीटी, ॲक्युरेट-मॅग अशा कंपन्या त्याच आकाराच्या पेट्या बनवू लागल्या. एआयसीएस पद्धतीत काडतुसे आत नागमोडी रचलेली असली, तरी वर येताना एकच काडतूस मधोमध येते. ॲक्युरसी इंटरनॅशनलच्याच एडब्ल्यू पद्धतीत ती आलटून पालटून डाव्या-उजव्या बाजूने येतात. त्यामुळे तितकीच काडतुसे मावणारी पेटी बुटकी राहते. दोन्ही पेट्या चांगल्या आहेत, पण एकीच्या जागी दुसरी बेलाशक घालता येत नाही. खरेदीआधी चॅसिस कोणत्या जातीची पेटी मागते हे विचारायचे, बाकी चर्चा नंतर.

दुसरा प्रश्न काडतुसाच्या मापाचा. ०.३०८ विंचेस्टर आणि ६.५ क्रीडमूर यांच्या बुडाचा व्यास जवळपास सारखा, सुमारे १२ मिलिमीटर, म्हणून दोघांना एकच पेटी चालते. मॅग्नम जातीच्या काडतुसांचे बूड साधारण साडेतेरा मिलिमीटरचे असल्याने त्यांची पेटी वेगळी. लांबीचा हिशेब त्याहून नाजूक आहे. ०.३०८ ची कमाल ठरलेली लांबी ७१.४ मिलिमीटर, क्रीडमूरची पावणेबहात्तरच्या आसपास आणि एआयसीएस पेटीची आतली लांबी सुमारे ७३. कारखान्यातली गोळी आरामात बसते. घरी काडतूस भरणारे मात्र लांब, निमुळते बुलेट नळीच्या आट्यांजवळ जाईल असे बाहेर ठेवतात आणि मग टोक पेटीच्या पुढच्या भिंतीवर घासते. अशांसाठी पुढची जोडपट्टी काढून टाकलेल्या, आतून अंदाजे ७५ मिलिमीटरच्या पेट्या मिळतात. आखूड काडतुसांची तऱ्हा उलटी. अमेरिकेतल्या प्रिसिजन रायफल स्पर्धांमध्ये लोकप्रिय झालेले डॅशर हे काडतूस इतके बुटके, की पेटीत पाचर टाकल्याशिवाय ते नाक खाली घालते. नंतर आलेले ६ मिलिमीटर जीटी हे काडतूस आखतानाच पेटीतून सहज वर येण्याचा विचार केला गेला.

आता बिघाडाकडे. गोळी अडकली की सर्वांत उपयोगी वस्तू म्हणजे रंगाचा पेन. प्रत्येक पेटीवर क्रमांक टाकायचा आणि कोणती अडते ते लिहून ठेवायचे. एकच पेटी त्रास देत असेल तर दोष तिचा. सगळ्याच अडत असतील तर संशय चॅसिसकडे वळतो. पुढची तपासणी डमी काडतुसांनी, नळी सुरक्षित दिशेला ठेवून करायची. खरी काडतुसे या कामाला वापरणे म्हणजे शुद्ध वेडेपणा.

बोल्ट काडतुसाच्या डोक्यावरून सरकून गेला तर पेटी जरा खाली बसली आहे असे समजावे. हाताने तिला वर दाबून बोल्ट पुन्हा चालवायचा. आता काडतूस नीट आत गेले, तर निदान झाले: खटका झिजला आहे, किंवा चॅसिसमधली खाच खोल आहे, किंवा स्क्रू बदलल्यावर ॲक्शन आपल्या जागेवर नीट बसलेली नाही. याउलट पेटी जास्त वर असेल तर बोल्ट जड चालतो आणि त्याच्या खालच्या बाजूला ओरखडे दिसतात. आडोशावर रायफल टेकवून मारणारे स्पर्धक कधी नकळत पेटीवरच वजन टाकतात, तेव्हाही ती वर ढकलली जाते. घरी टेबलावर सुरळीत चालणारी रायफल मैदानात अडते, त्याचे हे एक कारण.

पेटीच्या तोंडाच्या कडा, नेमबाज त्यांना लिप्स म्हणतात, हा खरा मर्माचा भाग. काडतूस किती वेळ धरायचे, कोणत्या कोनात सोडायचे, हे त्या ठरवतात. पेटी सिमेंटवर पडली की त्या वाकतात. फट रुंद झाली तर काडतूस वेळेआधी सुटून उडी मारते, अरुंद झाली तर ते खाली बघत पुढे सरकते आणि चेंबरच्या, म्हणजे नळीतल्या काडतूस बसायच्या जागेच्या, कडेवर आदळते. चालणाऱ्या पेटीचे माप कॅलिपरने घेऊन पोलादी कडा अगदी हळूहळू जुळवता येतात. प्लास्टिकच्या कडांचा दोष निघाला तर ती पेटी सरळ सरावातून बाद करावी. वाकवून काही साधत नाही.

स्प्रिंगवर लोक उगाच जास्त संशय घेतात. शेवटचे काडतूस वर येत नसेल, तर स्प्रिंग दमली किंवा काडतुसांना वर ढकलणारी फॉलोअर पट्टी तिरकी झाली, एवढे खरे. पण बहुधा आत धूळ साचलेली असते. तिच्यावर तेल ओतले की चिखल होतो. पेटी उघडून कोरडी पुसावी, तेल नावापुरतेही नको. कधी कधी दोष हाताचाच असतो. बोल्ट पूर्ण मागे न ओढता घाईने पुढे ढकलला, तर नवे काडतूसही उचलले जात नाही.

भारतात हे सगळे प्रयोग कायद्याच्या चौकटीत करावे लागतात. शस्त्र अधिनियम १९५९ च्या व्याख्येत शस्त्रांचे सुटे भागही मोडतात. त्यामुळे परदेशातून पेटी मागवण्याचा बेत आखणाऱ्याने आधी परवान्याच्या कार्यालयात चौकशी करावी, मग किंमत बघावी. कडा जुळवण्याचे कामही परवानाधारक शस्त्रकाराकडेच द्यावे.