घरची दुचाकी, लेखांक ६ : ॲक्टिव्हा की ज्युपिटर?

घरात गाडी एक आणि चालवणारी माणसं तीन असतील तर बिनगिअरची स्कूटर घ्यावी, इथवर आपण मागच्या लेखांकात आलो होतो. आता पुढचा पेच. पेट्रोलवरची ११०ची स्कूटर घ्यायची म्हटलं की इस्लामपुरात कुणालाही विचारा, होंडाची ॲक्टिव्हा आणि टीव्हीएसची ज्युपिटर ही दोन नावं हमखास पुढे येतात. घरात दोन तट पडतात आणि बुकिंग आठ-आठ दिवस रेंगाळतं.

आपल्या भागाला स्कूटर नवी नाही. महाराष्ट्र स्कूटर्सच्या साताऱ्याच्या कारखान्यात तयार झालेली ‘प्रिया’ एके काळी घराची शान होती. तिचे गिअर डाव्या मुठीत आणि सुरू करायला किक, त्यामुळे ती बहुधा घरातल्या पुरुषांकडेच राहिली. १९८४मध्ये कायनेटिक होंडा आली. बटण दाबलं की सुरू आणि गिअरची कटकट नाही, अशा त्या गाडीने स्कूटरची किल्ली बायकांच्याही हाती दिली. आजच्या दोन्ही गाड्या त्याच वाटेवरच्या आहेत.

कागदावर दोघींत फरक थोडाच. ॲक्टिव्हाचं इंजिन १०९.५१ सीसीचं, ऑगस्ट २०२४मध्ये आलेल्या नव्या ज्युपिटरचं ११३.३ सीसीचं. ताकद दोघींची आठ पीएसच्या आसपास. वजन साधारण १०५ किलो. टाकी ॲक्टिव्हाची ५.३ लिटर, ज्युपिटरची ५.१. नुसत्या आकड्यांवर निवड करायला गेलात तर शेवटी रंगावर गाडी घ्याल. म्हणून माझं सांगणं असं, की आधी स्वतःचा रस्ता, गाडीवरचं ओझं आणि मागे बसणारं माणूस डोळ्यांपुढे आणा. गाडी आपोआप ठरते.

पहिला प्रश्न सगळे विचारतात तो ॲव्हरेजचा. त्याचा हिशेब एकदा मांडूच. रोज २० किलोमीटर फिरणं, वर्षाचे ३०० दिवस, म्हणजे ६,००० किलोमीटर. एक गाडी लिटरला ४५ देते आणि दुसरी ५०, असं धरू. पहिलीला १३३ लिटर लागतील, दुसरीला १२०. पेट्रोल १०५ रुपये धरलं तर वर्षाचा फरक साधारण १,४०० रुपये, महिन्याला सव्वाशेच्याही आत. आणि या दोन गाड्यांत पाचाचा फरक पडेलच असंही नाही. एकाच गाडीचं ॲव्हरेज गांधी चौकातल्या गर्दीत एक आणि आष्ट्याच्या सरळ रस्त्यावर दुसरंच असतं. बिनगिअरच्या गाडीत दर वेळी थांबून निघताना क्लच थोडा घसरून मग पकड घेतो, तिथे पेट्रोल जातं. टायरमध्ये हवा कमी असेल तर आणखी जातं. दर पंधरवड्याला हवा तपासणाऱ्याचे पैसे दोन्ही गाड्यांत वाचतात.

खरा फरक मागच्या चाकात आहे. ॲक्टिव्हाचं पुढचं चाक १२ इंची, मागचं १० इंची. ज्युपिटरची दोन्ही चाकं १२ इंची. चाक लहान असलं की ते खड्ड्यात जास्त खोल उतरतं आणि खड्ड्याच्या कडेवर जास्त जोरात आपटतं. स्कूटरचं इंजिनही मागच्या चाकापाशीच असतं, त्यात डबलसीट बसलं की बहुतेक भार मागेच जातो. म्हणजे धक्का सोसावा लागतो तो मागे बसणाऱ्याला. बहे, बोरगाव, ताकारीकडून रोज आईला किंवा बायकोला मागे बसवून येणार असाल, तर हा दोन इंचांचा फरक त्यांच्या कंबरेला कळेल.

दुसरा फरक टाकीच्या जागेचा. नव्या ज्युपिटरची टाकी फूटबोर्डखाली नेली आहे. त्यामुळे सीटखाली ३३ लिटरची डिक्की मिळाली, त्यात दोन हेल्मेट मावतात. ॲक्टिव्हाची डिक्की १८ लिटरची. पेट्रोल भरायचं झाकण ज्युपिटरला पुढे, हँडलखाली आहे, ॲक्टिव्हाला मागे. सीट उचलावी लागत नाही, हे दोन्हीकडे सारखंच. राजारामनगरच्या इंजिनिअरिंग कॉलेजला जाणाऱ्या मुलीला दप्तर, डबा आणि रेनकोट ठेवायला मोठी डिक्की सोयीची. संकलन केंद्रावर दुधाची कॅन नेणाऱ्याला किंवा पेंडीचं पोतं आणणाऱ्याला डिक्कीपेक्षा फूटबोर्ड महत्त्वाचा. त्याने रिकामी कॅन शोरूममध्ये न्यावी, फूटबोर्डवर ठेवावी आणि हँडल दोन्ही बाजूंना पुरतं वळतं का, पाय नीट टेकतात का, ते बघावं. कुणी हसलं तर हसू द्यावं.

ब्रेकबाबत एक गोष्ट दोन्हीकडे समान आहे. एप्रिल २०१९पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना एकत्रित ब्रेक सक्तीचा झाला. डावा ब्रेक दाबला की मागच्याबरोबर पुढचाही लागतो. गळीत हंगामात रस्त्यावर उसाची पाचट पडलेली असते, पावसात ट्रॅक्टरच्या चाकांनी शेतातला काळा चिखल डांबरावर येतो. तिथे नुसता उजवा ब्रेक करकचून दाबला की पुढचं चाक घसरतं. म्हणून डाव्या ब्रेकची सवय घरातल्या प्रत्येकाला लावा. ज्युपिटरच्या वरच्या मॉडेलला पुढे डिस्क ब्रेक मिळतो. रोज पेठ नाक्यावरून हायवेला लागणाऱ्याने त्यासाठी जादा पैसे मोजावेत.

ॲक्टिव्हाच्या बाजूने मोठी गोष्ट म्हणजे तिचा प्रसार. ती इतकी वर्षं आणि इतक्या घरांत आहे, की तिचं काम न येणारा फिटर खेड्यातही सापडणं कठीण. पत्रा मजबूत आहे आणि जुनी विकताना गिऱ्हाईक लगेच मिळतं. तुमच्या गावातला फिटर कोणती गाडी डोळे मिटून खोलतो, हे बुकिंगच्या आधी त्यालाच विचारा. बेल्ट, रोलर, क्लच शू हे कधी ना कधी बदलावे लागणारच. त्या दिवशी जवळचा फिटरच कामाला येतो.

तेव्हा निवाडा असा. रोज डबलसीट, रस्ता खराब आणि सामान सीटखाली ठेवायचं असेल तर ज्युपिटर. बहुधा एकट्याने गावातल्या गावात फिरणं, फिटर लांब आणि चार-पाच वर्षांनी गाडी विकायचा विचार असेल तर ॲक्टिव्हा. तरीही मन ठरत नसेल, तर मागे रोज बसणाऱ्या माणसालाच बरोबर घेऊन दोन्ही गाड्यांची ट्रायल घ्या, चांगल्या रस्त्यावर नव्हे, तुमच्या नेहमीच्या रस्त्यावर. त्या माणसाचं मत अखेरचं माना.

पुढच्या आठवड्यात : शोरूमच्या कोटेशनमधली एकेक ओळ, विमा, पासिंग, ॲक्सेसरीज. त्यातलं सक्तीचं काय आणि नाकारता येतं ते काय.