सात दिवसांची परवानगी

जानेवारीतल्या एका शनिवारी माझी मुलगी अंबाजोगाईहून घरी आली ती हातात एक छापील कागद घेऊनच. ती बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. कागद राष्ट्रीय सेवा योजनेच्या विशेष शिबिराचा होता. सात दिवस एका खेड्यात मुक्काम आणि खाली पालकांच्या सहीसाठी रेघ. तिच्या अब्बांनी तो वाचला, टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे पाहिले. माझ्या सासूबाईंनी एकच प्रश्न विचारला, "रात कू भी वहींच रहना पडता?"

"हां दादी."

"तो फिर नक्को."

त्यांच्या दृष्टीने विषय तिथेच संपला. मुलगी काही बोलली नाही. कागदाची घडी घालून तिने तो पर्समध्ये ठेवला. ती घडी पाहून मला राहवले नाही, कारण पंचवीस वर्षांपूर्वी असाच एक कागद मीही माझ्या अब्बांसमोर ठेवला होता.

धर्मापुरीसारख्या गावात हा प्रसंग एकट्या आमच्या घरातला नाही. आता आपल्या मुली बारावीनंतर शिकू लागल्या आहेत. एस.टी.ने परळीला, अंबाजोगाईला जातात. कॉलेजपर्यंत आपण त्यांना पाठवतो, पण कॉलेजातून पुढे एक पाऊल, म्हणजे शिबिर, सहल किंवा स्पर्धा आली की आपला हात सहीवर थांबतो. त्यामागे काळजी असते, ती खोटी नाही. पण ज्या गोष्टीला आपण नाही म्हणतो ती गोष्ट काय आहे, हे तरी आपल्याला ठाऊक असावे, म्हणून हा लेख.

एनएसएस म्हणजे काय?

राष्ट्रीय सेवा योजना, म्हणजे मुलांच्या भाषेत एनएसएस, 24 सप्टेंबर 1969 रोजी सुरू झाली. ते गांधीजींच्या जन्मशताब्दीचे वर्ष होते. तेव्हाचे केंद्रीय शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी 37 विद्यापीठांत 40 हजार विद्यार्थ्यांना घेऊन तिचा आरंभ केला. आज देशभरात ही संख्या चाळीस लाखांच्या घरात आहे.

रचना सोपी आहे. साधारण शंभर विद्यार्थ्यांचे एक पथक असते आणि त्यावर एक प्राध्यापक कार्यक्रमाधिकारी म्हणून नेमलेला असतो. स्वयंसेवकाने वर्षाला 120 तास, म्हणजे दोन वर्षांत 240 तास काम करायचे. शिवाय एकदा सात दिवसांचे निवासी शिबिर. हे शिबिर कॉलेजने दत्तक घेतलेल्या गावात किंवा वस्तीत होते. सकाळी श्रमदान, दुपारी व्याख्यान किंवा गावाची पाहणी, संध्याकाळी गावकऱ्यांसमोर कार्यक्रम आणि झोपण्यापूर्वी दिवसाचा आढावा. छातीवर जो बिल्ला लावतात त्यावर कोणार्कच्या सूर्यमंदिरातील रथाचे चाक आहे. ब्रीदाचा अर्थ एवढाच की आधी तू, मग मी.

या सगळ्या पथकांच्या वर विद्यापीठात एक संचालक असतो. बीड जिल्ह्यातील कॉलेजे 1958 साली तेव्हाच्या औरंगाबादेत स्थापन झालेल्या, म्हणजे आताच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाला जोडलेली आहेत. शिबिरांना मंजुरी देणे, निधी वाटणे, कार्यक्रमाधिकाऱ्यांना तयार करणे, अहवाल तपासणे ही कामे तिथून चालतात. 2016 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने विद्यार्थी विकासासाठीही वेगळे मंडळ आणि संचालक ठेवला आहे. नव्या शैक्षणिक धोरणानंतर तर एनएसएसला सह-अभ्यासक्रमात श्रेयांकही मिळू लागले. म्हणजे जे काम आपण 'अभ्यास सोडून केलेले' समजतो, ते आता पदवीच्या हिशेबात धरले जाते.

एका उर्दू घराण्यातला माणूस

ही योजना सक्तीची नाही, स्वेच्छेची आहे. ती तशी राहण्यामागे ज्यांचा वाटा आहे, त्यांचे नाव आपल्या घरांत फारसे घेतले जात नाही. ते नाव म्हणजे ख्वाजा गुलाम सैय्यदैन.

1958 साली पंडित नेहरूंनी अशी कल्पना मांडली की पदवी घेण्यापूर्वी प्रत्येक विद्यार्थ्याने काही काळ समाजसेवा करावी. 1959 मध्ये त्यासाठी समिती नेमली गेली. अध्यक्ष होते आपले मराठी सी. डी. देशमुख. समितीने शालेय शिक्षण संपवून कॉलेजात जाणाऱ्या मुलांसाठी नऊ महिने ते एक वर्षाची सक्तीची सेवा सुचवली. खर्च मोठा होता आणि अडचणीही पुष्कळ, म्हणून ते बाजूला पडले. मग 1960 मध्ये सैय्यदैन साहेबांना इतर देशांतील प्रयोग पाहण्यासाठी पाठवण्यात आले. त्यांनी अहवाल दिला तो असा की सेवा स्वेच्छेची ठेवा, आवाक्यात ठेवा, सुरुवात लहान करा. पुढे कोठारी आयोगाने शिक्षणाच्या प्रत्येक टप्प्यावर समाजसेवा जोडावी असे सांगितले. या आयोगातही सैय्यदैन साहेब सदस्य होते.

पानिपतच्या हालींच्या घराण्यातला हा माणूस. अलीगढला शिक्षकांना शिकवले, नंतर मुंबई सरकारचे शिक्षण सल्लागार झाले, भारत सरकारचे शिक्षण सचिव झाले. त्याही आधी 1937 साली वर्ध्याला गांधीजींनी शिक्षण परिषद बोलावली होती. हाताने काम करत शिकण्याची योजना आखण्यासाठी तिथे डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती झाली, तिच्यातही सैय्यदैन साहेब होते. खिदमत-ए-खल्क हा शब्द आपण सभांमध्ये, जलशांमध्ये ऐकतो. या दोघांनी तो शाळेच्या वेळापत्रकात बसवण्याची खटपट केली. मी बी.एड.ला असताना यांची नावे परीक्षेपुरती पाठ केली होती. त्यांचा आणि माझ्या शिबिराचा काही संबंध आहे हे मला फार उशिरा कळले.

मिठाची चव

माझे शिबिर 1999 च्या डिसेंबरात, नाताळच्या सुट्टीत झाले. तेव्हा ते दहा दिवसांचे असे. आणि ते दिवस रमजानचे होते. अब्बा नाहीच म्हणाले होते. मग आमचे कार्यक्रमाधिकारी सर स्वतः घरी आले. चहा अब्बांना दिला, सरांनी घेतला नाही, कारण अब्बांचा रोजा होता आणि ते नुसते कप घेऊन बसले होते, हे सरांच्या लक्षात आले. त्यांनी गावाचे नाव सांगितले, मुली शाळेच्या कोणत्या खोलीत झोपणार, सोबत कोणत्या मॅडम, संडासाची काय सोय, सगळे सांगितले. शेवटी म्हणाले, "पहाटे चूल पेटवून देण्याची जबाबदारी माझी." अब्बांनी सही केली.

आम्ही तिघी रोजेदार होतो. पहाटे साडेचारला चूल पेटायची. दिवसा मला स्वयंपाक गटाची प्रमुख केले होते. ऐंशी माणसांची आमटी, आणि मला चव घेता येईना. दुसऱ्या दिवशी मीठ दुप्पट पडले आणि सगळ्यांनी ते मुकाट खाल्ले. तिसऱ्या दिवसापासून माझ्या गटातली एक मुलगी न सांगता येऊन चमचा तोंडात घालायची आणि मान हलवायची. तेवढ्यावर माझे काम शेवटपर्यंत चालले. गटप्रमुख होणे म्हणजे हुकूम सोडणे नव्हे, आपल्याला जे जमणार नाही ते कोणाला जमेल हे ओळखणे, हे मी तिथे शिकले. आज वर्गात चाळीस मुले सांभाळताना तेच कामी येते.

एक गोष्ट मात्र तेव्हाही खटकली होती. मुलांना बंधारा दिला आणि मुलींना चूल. आम्हाला कोणी विचारलेच नाही.

फोटो निघाला, काम राहिले

तारीफच करत राहिले तर ते खरे होणार नाही. आमच्या धर्मापुरीत जुना किल्ला आहे, चालुक्यकालीन केदारेश्वर मंदिर आहे. काही वर्षांपूर्वी एका शिबिराची मुले किल्ल्यावर सफाईला आली. चार दिवस घाम गाळून त्यांनी काटेरी झुडपे तोडली. शेवटच्या दिवशी फलक धरून फोटो झाला, पाहुणे आले, हार झाले. पहिल्या पावसानंतर झुडपे होती तिथेच उगवली. पुढच्या वर्षी ते पथक दुसऱ्या गावाला गेले.

दोष त्या मुलांचा नव्हता. गावाला काय हवे हे गावाला विचारले नाही, आणि एकदा केलेल्या कामाकडे कोणी परत वळून पाहिले नाही. विद्यापीठात बसलेल्या संचालकाला एका शिक्षिकेला काही सांगावेसे वाटले तर ते एवढेच: एका गावात तीन वर्षे तरी जा. आधी ग्रामपंचायतीला, शाळेला, बचत गटाच्या बायांना विचारा. मुलींना हिशेबाची वही द्या, मोजमापाचा टेप द्या, पाहुण्यांसमोर बोलू द्या. आणि पुढच्या वर्षीच्या पथकाने पहिल्या दिवशी मागच्या वर्षीचे काम पाहून यावे. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून बांधलेला वनराई बंधारा फुटला की टिकला, हे पाहणे हादेखील अभ्यासच आहे.

सासूबाईंच्या अटी

त्या शनिवारी मी सासूबाईंना हे सगळे सांगितले नाही. फक्त म्हणाले, "अम्मी, उद्या आपण त्यांच्या मॅडमना फोन करू. तुमच्या मनात जे असेल ते तुम्हीच विचारा." त्यांनी विचारले. त्यांचे प्रश्न मी वहीत लिहून ठेवले, कारण कोणत्याही पालकाने नेमके हेच विचारायला हवेत:

गाव कोणते आणि घरापासून किती दूर? मुलींसोबत रात्री कोण मॅडम राहणार? मुली कुठे झोपणार, खोलीला आतून कडी आहे का? संडास आणि पाण्याची सोय काय? जेवण कोण बनवणार, त्यात काय असणार? नमाजला जागा आणि वेळ मिळेल का? कोणी आजारी पडले तर जवळचा दवाखाना कोणता? घरच्यांना मध्येच येऊन पाहता येईल का?

मॅडमनी एकेक उत्तर शांतपणे दिले. शेवटच्या प्रश्नावर त्या म्हणाल्या, "आजी, तुम्ही केव्हाही या, जेवायलाच या." सासूबाईंनी फोन ठेवला आणि मुलाला म्हणाल्या, "कर दे साइन. पन चौथे दिन मैं जातूं देखने."

ज्या कॉलेजला या प्रश्नांची उत्तरे देता येत नाहीत, तिथे मुलीला पाठवू नये. पण प्रश्न न विचारता नाही म्हणू नये.

हजेरीपटावरची रिकामी जागा

चौथ्या दिवशी आम्ही दोघी गेलो. मुलगी शाळेच्या ओट्यावर वही घेऊन बसली होती. तिच्या गटाला पाहणीचे काम दिले होते: गावातील किती कुटुंबे ऊसतोडीला गेली आणि त्यांची मुले कुठे आहेत. बीड जिल्ह्याला हे नवे नाही. दिवाळीच्या सुमारास घरे कुलूपबंद होतात, कोयता घेऊन जोडपी पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मुलांनी मागे राहून शिकावे म्हणून शासनाने हंगामी वसतिगृहांची सोय केली आहे. पण प्रत्येक मूल तिथपर्यंत पोहोचतेच असे नाही.

मुलीने आम्हाला एका घरी नेले. म्हातारी आजी, तीन नातवंडे. मोठी मुलगी अकरा-बारा वर्षांची, कडेवर धाकटा भाऊ. शाळेत नाव आहे, पण ती शाळेत जात नाही, कारण आजीला दिसत नाही आणि लेकराला कोणी तरी पाहिले पाहिजे. सासूबाई त्या आजीजवळ बराच वेळ बसल्या. दोघी काय बोलल्या ते मला त्यांनी सांगितले नाही. येताना त्यांनी पिशवीतली खारीक त्या पोरीच्या हातात दिली.

शिबिर संपवून मुलगी घरी आली. अंग उन्हाने रापलेले, हाताला फोड. रात्री जेवताना तिने सहज विचारले, "अम्मी, तुमारे वर्ग में ऐसे कित्ते बच्चे हैं?"

माझा घास थांबला. माझ्या सहावीच्या हजेरीपटावर एका नावापुढे मी बारा दिवस 'गै' लिहीत होते. आईवडील ऊसतोडीला गेलेत, मुलगी नानीकडे आहे, एवढे मला माहीत होते. घर शाळेपासून दहा मिनिटांच्या अंतरावर. मी एकदाही गेले नव्हते. बी.एड. झालेली, वीस वर्षे शिकवणारी मी रोज लाल पेनाने तिची गैरहजेरी नोंदवून माझे काम झाले असे समजत होते.

रविवारी मी त्या घरी गेले. माझी मुलगी सोबत आली, तिने आणलेल्या वहीतले प्रश्न तीच विचारत होती. धाकट्या भावाला सकाळी अंगणवाडीत सोडायचे आणि दुपारी मोठीने शाळा सुटल्यावर आणायचे, असे ठरले. अंगणवाडी ताईंशी बोलणे माझ्याकडे आले. आज ती मुलगी आठवड्यातून चार दिवस येते. पाच दिवस येईल असे मी अजून म्हणू शकत नाही.

सासूबाई परवा मुलीला विचारत होत्या, पुढच्या वर्षी कॅम्प कोणत्या गावाला आहे. ती म्हणाली, त्याच गावाला, मॅडमनी तसे ठरवले आहे.

"अच्छा है," त्या म्हणाल्या. "वो बुढिया को मेरा सलाम बोलना."